मोटारसायकलची डावी बाजू

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅस सिलेंडरवाल्याशी भांडत होते. सिलेंडर हलका लागतो, वजन करून दाखव, असं माझं म्हणणं आणि काटा आणला नाही, असं त्याचं. फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, "जा बाबा, तुझंच खरं." माझा चेहरा पाहून तो इतका घाबरला की सिलेंडर आपणहून स्वयंपाकघरात नेऊन जोडून दिला आणि मुकाट्याने निघून गेला. सौसरहून पांढुर्ण्याला जाईपर्यंत बसच्या खिडकीशी बसून मी रडत होते आणि मधेच मला हसू फुटत होतं. भाऊजी तिथे असते तर त्यांनी सिलेंडरचा घेर दोरीने मोजला असता, कागदावर त्याचं एकास आठ प्रमाणात चित्र काढलं असतं, आणि तेवढ्या वेळात सिलेंडरवाला पुढच्या गल्लीत पोचला असता...

भाऊजी म्हणजे दिगंबरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांनी हयातभर ड्रॉइंग शिकवलं, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे. वय भरपूर झालं होतं. दुपारचं जेवण करून पडले ते उठलेच नाहीत. असं मरण सगळ्यांनी मागून घ्यावं, हे भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगत होता आणि मलाही ते कळत होतं. पण ज्या माणसाने लग्नाच्या मांडवापासून मला चिडवायचं काम घेतलं आणि एकही दिवस सुट्टी घेतली नाही, तो गेल्यावर ती रिकामी जागा कोण भरणार, हे कुणी सांगत नव्हतं.

भेटायला येणाऱ्यांत एक बँकेतला तरुणही होता. बाहेरगावचा, नवाच आलेला. थोडा वेळ मान खाली घालून बसला आणि मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "मावशी, मास्तरांची ती जुनी फौजी मोटारसायकल आहे म्हणतात. विकायची असेल तर..." मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि टेबलावरची लाकडी मोटारसायकल दाखवली. लांबी वीतभर आणि वर चार बोटं. तो खाली वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "छोटी आहे." मी म्हटलं, "पेट्रोल कमी खाते." सुतकाच्या घरात असं बोलू नये, पण भाऊजींनी ऐकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

भाऊजींना जगातली प्रत्येक वस्तू आठपट लहान करून पाहायची खोड होती. ताईला पाहायला ते सौसरला आमच्या घरी आले तेव्हा मी पोह्यांच्या बश्या घेऊन दाराआड उभी होते. भाऊजींनी ताईकडे एकदाच पाहिलं आणि मग सारा वेळ आमच्या दाराच्या चौकटीकडे. पाहुणे जायला निघाले तेव्हा आमच्या बाबांना राहवलं नाही. "पोरगी पाह्यली ना बाप्पा नीट?" भाऊजी म्हणाले, "पाह्यली. पोरगी सरळ आहे. तुमची चौकट बोटभर कलली आहे." बाबांनी आधी होकार समजून साखर वाटली आणि दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं.

त्या काळात आमच्या भागात मोटारसायकल एकच. लढाई संपल्यावर फौजेच्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतली एक गुरांचे सरकारी डॉक्टर कानडे यांनी घेतली होती. डॉक्टर नागपूरचे, त्यांचा दवाखाना पांढुर्ण्याला आणि फिरती तिगाव, सावरगाव, मोहगावपासून सौसरपर्यंत. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, त्यामुळे ती हिरवी गाडी धूर सोडत आली की पोरं तिच्यामागे 'जयहिंद' करत धावत. म्हशी मात्र तिच्या आवाजाने पान्हा चोरत. मग त्यांना डॉक्टरांकडे न्यावं लागे, म्हणजे रोगी तेच तयार करत आणि बरेही तेच करत. या गाडीचं स्टँड लढाईतच कुठे मोडलेलं होतं. डॉक्टर ती दवाखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवत, नेहमी डावी बाजू भिंतीकडे. एकदा उलटी टेकवली तर ती घसरून नालीत गेली होती आणि टाकीला पोचा आला होता. तेव्हापासून डॉक्टरांनी तिची बाजू कधी बदलली नाही.

भाऊजींच्या मनात ही गाडी कधी भरली ते ताईलाही माहीत नाही. लग्न होऊन ती पांढुर्ण्याला गेली तेव्हा घरात दोन चाकं तयार होती. तिला आधी वाटलं, पाळण्यावरच्या खेळण्याची तयारी आहे, आणि ती लाजली. मग कळलं की पाळण्याचा विचार दूरच आहे, आधी सायलेन्सर. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या, तुपाच्या डब्याचा पत्रा, भजनी मंडळातल्या मोडक्या एकतारीची तार, जुन्या वहाणेचं चामडं, असं सामान घरभर पसरलेलं. एकतारीच्या तारेचे आरे, सायकलच्या ट्यूबचे टायर, बंद पडलेल्या घड्याळाच्या काचेचा दिवा. इंजिन गार राहावं म्हणून त्यावर आडव्या कापा असतात, त्या त्यांनी पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचून केल्या होत्या, आणि दोन चकत्यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट. ताईच्या अंबाड्याचे आकडे रोज एकेक कमी होत आणि गाडीचं हँडल, गिअर, किक असे पुन्हा दिसत. ताई म्हणायची, "माझं अर्धं डोकं त्या गाडीत गेलं." भाऊजी म्हणायचे, "एकास आठ प्रमाणात."

पण मापं घ्यायची कशी? मास्तर माणूस, भर बाजारात दुसऱ्याच्या गाडीला फूटपट्टी लावून बसला तर पोरं वर्गात उभं राहू देणार नाहीत. तेव्हा भाऊजींनी गाय काढली. बाबांनी ताईच्या लग्नात एक गाय दिली होती, कपाळावर पांढरा ठिपका, नाव चांदी. तिच्यासारखी धडधाकट गाय साऱ्या पांढुर्ण्यात नव्हती. भाऊजींनी तिच्या दाव्यावर शाईने खुणा केल्या आणि तिला डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. गाय मोटारसायकलशेजारी बांधायचं निमित्त करायचं, बांधताबांधता दावं चाकावर, टाकीवर, सायलेन्सरवर टाकायचं आणि खुणा वाचायच्या. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "काय होतं गाईला? खाते का?" भाऊजी म्हणाले, "खाते." "रवंथ?" "चांगलं करते." "मग आणली कशाला?" भाऊजींनी गाईकडे पाहिलं, मोटारसायकलकडे पाहिलं आणि म्हणाले, "उदास राहते."

कानडे डॉक्टर मन लावून काम करणारे होते. उदास गाय त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच आली होती. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, कानाला हात लावून पाहिला, मोठा उसासा सोडला आणि सांगितलं, "दर आठवड्याला आणत जा." भाऊजींना स्वर्ग दोन बोटं उरला. चांदीला दर आठवड्याला गुळातून कसलंसं चूर्ण मिळे, ती ते मिटक्या मारत खाई आणि दवाखान्याच्या वाटेला लागली की भाऊजींना ओढत नेई. अशा रीतीने गाडीची उजवी बाजू दाव्याच्या मापाने घरात आली. टाकीवरच्या पोच्यासकट.

डावी बाजू मात्र भिंतीकडे. इंजिनाची ताकद ज्या साखळीने मागच्या चाकाला पोचते ती साखळी डावीकडे, तिच्यावरचं झाकण डावीकडे, पायाचा ब्रेक डावीकडे. धावत्या गाडीचं माप घेणं म्हणजे पळत्या माणसाची दाढी करणं. आणि डॉक्टरांना 'जरा गाडी फिरवून लावता का' म्हणून विचारावं, तर गाईचं बिंग फुटणार. इतके दिवस निरोगी गाय उपचाराला आणली हे एका सरकारी नोकराने दुसऱ्या सरकारी नोकराला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी एकदा म्हटलं, "भाऊजी, अंदाजाने करून टाका ना. कोण पाहायला येऊन राहिलं?" ते असे दुखावले की जणू मी त्यांना कॉपी करायला सांगत होते. वर्गातही त्यांचा तोच नियम होता, "पाह्यलं नाही ते काढाचं नाही." आंब्यात अळी काढणाऱ्या पोराला ते विचारत, "तू पाह्यली का अळी?" त्यामुळे लाकडी मोटारसायकल उजवीकडून पाहिली तर आता फुर्रकन निघेल अशी, आणि डावीकडून नुसती रंधलेली फळी.

इकडे सौसरला बाबांच्या कानावर गेलं की आपण दिलेली गाय पांढुर्ण्याला उदास असते. बाबांनी जेवण टाकलं. "गाय उदास आहे, मंग माझी पोरगी कशी असन?" असं म्हणत दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसने पांढुर्ण्याला. मीही सोबत. दारात उतरल्याउतरल्या ते आधी गोठ्यात गेले. चांदीने त्यांना ओळखलंही नाही, ती चूर्णाची वाट पाहत होती. मग त्यांनी ताईला अंगणात उभी करून नीट पाहिलं. दोघीही चांगल्या भरल्या होत्या. शेवटी भाऊजींनी खालच्या मानेने मोटारसायकल आणून बाबांसमोर ठेवली आणि सगळा प्रकार सांगितला. बाबा जन्माचे कास्तकार, शेतीत राबलेले. त्यांनी ती उचलून उजवीकडून पाहिली, डावीकडून पाहिली आणि विचारलं, "इकडं काहून काहीच नाही?" भाऊजी म्हणाले, "तिकडं भिंत आहे." बाबांना काय समजलं कोण जाणे, पण परत जाताना बसमध्ये ते मला म्हणाले, "जावई खोटं बोलत नाही. गाईपुरतंच बोलला."

मग छप्पन साल उजाडलं आणि राज्यं नव्याने आखायला घेतली. नागपूर मुंबई राज्यात जाणार, पांढुर्णा आणि सौसर मध्यप्रदेशात राहणार, हे नक्की झालं. कालपर्यंत नागपूर म्हणजे आमचं राजधानीचं गाव, आणि आता ते दुसऱ्याचं. सरकारी नोकरांना विचारणा झाली, इकडे राहता की तिकडे जाता? भाऊजींच्या शाळेतले निम्मे मास्तर नागपूरला निघाले. पुढे सगळं हिंदीत चालणार, बढती तिकडेच मिळणार, असं जो तो सांगे. भाऊजींचे थोरले भाऊ नागपूरला होते, त्यांनी राहायची जागाही पाहून ठेवली. भाऊजींनी ताईला सांगून टाकलं, "आपल्याले जाचंच आहे. पण हातातलं काम अर्धं टाकून मी गाव सोडत नाही. मोटारसायकल झाली की हो म्हणून कळवतो."

ताईला मात्र सौसर सोडवेना. आमची आई आधीच गेलेली, सौसरला बाबा आणि मी, दोघंच. आणि ताईच्या डोक्यात कुणी भरवलं होतं की दोन राज्यांच्या मधे चौकी बसणार आणि माहेरी यायला परवाना लागणार. फाळणीच्या बातम्या ऐकून दहाही वर्षं झाली नव्हती, माणसं कशालाही घाबरत. ती मला म्हणाली, "शाले, बाबाले पाहाले याचं तर अर्ज कराव लागन का वं?" मला तरी कुठे काय माहीत होतं? मी म्हटलं, "लागत असन." दोघी चुलीपाशी बसून खूप रडलो. आज हसू येतं, पण त्या वेळी माझ्या बहिणीचं सगळं माहेर त्या विचारणेवर टांगलेलं होतं.

आणि नेमके त्याच दिवसांत बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. बसच्या ड्रायव्हरसोबत पांढुर्ण्याला निरोप धाडला. भाऊजी पेपर तपासायला छिंदवाड्याला गेलेले, सौसरची बस निघून गेलेली. ताई रडत रस्त्यावर उभी, तेवढ्यात कानडे डॉक्टर सौसरच्या फिरतीला निघालेले. "बसा वहिनी," ते म्हणाले. गावात बाईमाणसाने मोटारसायकलवर बसायचं म्हणजे त्या काळी नाटकच. पण बाबांच्या पायापुढे ताईने काही पाहिलं नाही. नऊवारी सावरून ती मागे बसली, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. बायका बसतात तशी. म्हणजे डावीकडे.

सौसरला आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी ताईला ओळखलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत लाल माती, मधे दोन डोळे. आमच्या अंगणात गाडी टेकवायला भिंत नव्हती, डॉक्टरांनी ती कडुनिंबाला टेकवली, पण खोडाआड कितीशी बाजू लपणार? ते आत बाबांशी बोलत चहा घेत होते तोवर ताई गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवी बसली होती. मला वाटलं, लुगड्याला लागलेलं तेल पुसते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अंगणात सडा टाकून झालेला आणि त्यावर रांगोळीने मोटारसायकलची अख्खी डावी बाजू काढलेली. साखळी, साखळीवरचं झाकण, त्याचे स्क्रू, ब्रेक, सगळं. ताईचा रांगोळीचा हात सौसरात नावाजलेला होता. बाबा खाटेवरूनच म्हणाले, "हे काय काढलं वं? कासव?" मी म्हटलं, "ताई, भाऊजी तर वेडे होतील हे पाहून!" ताईने माझ्याकडे पाहिलं, पाय पुढे केला आणि रांगोळी पुसून टाकली. "पूर्ण झाली तर जाव लागन ना मले," ती म्हणाली.

भाऊजी छिंदवाड्याहून अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीने थेट सौसरला आले. सासऱ्याच्या पायाची चौकशी त्यांनी रीतीप्रमाणे केली, पण त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे. ताई पाणी घेऊन आली तसे म्हणाले, "मी इतके दिवस गाय घेऊन हिंडून राहिलो अन तू बसून आली?" आवाजात राग नव्हता, असूया होती. मग जवळ सरकून, "डावीकडं बसली होती ना? कसं आहे तिकडं?"

"मले काय मालूम," ताई म्हणाली. "मी डोळे मिटून बसली होती."

"पांढुर्ण्याहून सौसरपर्यंत?"

"हाव. भेव लागून राहिलं होतं."

"एकदाही उघडले नाही?"

"एकदा उघडले. तवा बैल दिसला."

मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मी मान वर केली नाही.

कानडे डॉक्टरांनी विचारणेत नागपूर निवडलं. ते जायला निघाले त्या दिवशी भाऊजींनी ठरवलं होतं, आज लाज सोडून विचारायचं. निरोपाला ते चांदीलाही घेऊन स्टेशनवर गेले, कारण तिच्याशिवाय डॉक्टरांशी बोलायची त्यांना सवय नव्हती. पण मोटारसायकल आधीच गोणपाटात गुंडाळून, सुतळीने शिवून मालडब्यापाशी उभी केलेली. आणि भाऊजी तोंड उघडणार तोच डॉक्टरांनी आपल्या गळ्यातला हार काढून चांदीच्या गळ्यात घातला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मास्तर, मुक्या जनावराच्या मनाची इतकी काळजी करणारा माणूस मी पाहिला नाही." यावर कोण काय बोलणार? गाडी सुटली. चांदीने हार खाल्ला. भाऊजी घरी आले आणि म्हणाले, "गेली." थोड्या वेळाने म्हणाले, "आता कायची पूर्ण होते?" विचारणेची मुदत सरत आली होती. त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, हातातलं काम अपुरं आहे, मी इथंच राहतो. कोणतं काम ते हेडमास्तरांनी विचारलं नाही, त्यांना वाटलं अभ्यासक्रम. ताईने त्या दिवशी पुरण घातलं. सण कोणता म्हणून शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "आमच्या इथं आज आहे."

पुढे मध्यप्रदेशाचा नवा नकाशा शाळेच्या भिंतीवर काढायचं काम भाऊजींकडेच आलं. जुन्या नकाशातलं नागपूर त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. नागपूरला गेलेले त्यांचे सोबती हेडमास्तर झाले, कुणी त्याहून मोठे झाले. भाऊजी हिंदीत ड्रॉइंग शिकवत राहिले. म्हणजे 'सीधी रेखा' एवढं हिंदीत आणि पुढचं रागावणं मराठीत. चौकीबिकी कधी बसलीच नाही. ताईला ते समजलं तोवर अविनाश जन्माला आला होता आणि लाकडी मोटारसायकल कपाटात भिंतीला टेकून उभी होती. डावी बाजू भिंतीकडे.

अविनाश शिकून नागपूरला नोकरीला लागला, तिकडेच घर केलं. दोनेक वर्षांमागे त्याने भाऊजींच्या वाढदिवसाला एक चपटा खोका आणला. आत प्लास्टिकचे शेकडो बारीक तुकडे, चौकटींना चिकटलेले, आणि जोडून काय होईल त्याचं वर चित्र. हीच मोटारसायकल! भाऊजींनी खोका उलटासुलटा केला आणि त्यांचा पहिला शब्द, "एकास नऊ? हे काय प्रमाण झालं?" पण दुसऱ्या दिवसापासून चष्म्यावर भिंग बांधून बसले. एकेक तुकडा ब्लेडने सोडवायचा, कडा घासायच्या, चिमट्याने धरून चिकटवायचा. गाडी उभी राहिली ती फारच चकाचक. भाऊजींना ते सहन होईना. "नवी गाडी कोणं पाह्यली होती? आपली धुळीची होती." त्यांनी चमक खरवडली, विटेची वस्त्रगाळ भुकटी करून चाकांना लावली, सायलेन्सरच्या तोंडाला ताईचं काजळ. सुई तापवून टाकीला पोचा पाडला. अविनाशने येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, स्टँड कुठं गेलं?" भाऊजी म्हणाले, "मी तोडलं. आपल्या गाडीले नव्हतं."

त्याच दिवशी मीही पांढुर्ण्याला होते. चहा झाल्यावर भाऊजींनी ताईला हाक मारली आणि ती प्लास्टिकची गाडी डावी बाजू पुढे करून तिच्यासमोर धरली. आयुष्यभर न दिसलेलं एकदाचं सापडलं, असा त्यांचा चेहरा. "पाह्य वो. अशी होती डावी बाजू."

ताईने चष्मा लावला. पाहिलं. आणि म्हणाली, "नाही. ब्रेक इतका सरळ नव्हता. तुडवूतुडवू खाली वाकला होता. अन हे झाकण काळं नव्हतं, घासून पांढरं पडलं होतं. खालचा एक स्क्रू तर नव्हताच."

अविनाश आईकडे पाहत राहिला. मी चहाच्या कपात पाहत राहिले, त्यात चहा नव्हता. भाऊजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझे तर डोळे मिटले होते ना वो?"

"...मधेमधे उघडत होते," ताई म्हणाली.

भाऊजींना जे हसू आलं ते कवळी बाहेर येईपर्यंत थांबलं नाही. कवळी पुन्हा बसवून त्यांनी विचारलं, "काहून नाही सांगितलं?"

"मले नागपूरले जाचं नव्हतं."

"मंग तसंच म्हणाचं होतं."

"म्हटलं असतं तर तुमी ऐकलं असतं?"

भाऊजी मापाच्या बाबतीत खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "नसतं ऐकलं." संध्याकाळी मात्र ते अंगणात एकटेच बसले होते. हेडमास्तर होणं, नागपूरचं घर, मराठीतून शिकवणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असेल. ताई आत धान्य निवडत होती, निवडलेलंच पुन्हा निवडत होती. मला त्या दोघांची भीती वाटली. या वयात आता काय व्हायचंय, असं आपण म्हणतो, पण होतं बाबा.

सकाळी पाहते तर भाऊजींनी कपाटातली लाकडी मोटारसायकल काढून टेबलावर ठेवलेली, पहिल्यांदाच उजवी बाजू भिंतीकडे. शेजारी खुर्ची मांडलेली. त्यांनी ताईला हाताने धरून त्या खुर्चीवर बसवलं, पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाले, "सांग."

पुढचे सगळे महिने त्यांचा हाच उद्योग. ताई पाटीवर काढून दाखवी, भाऊजी पत्रा कापत. झाकण किती फुगीर, यावरून अबोला. साखळी सैल होती की ताणलेली, यावरून जेवणं थंड. मी फोन केला की ताई म्हणे, "ठेव आता, आमची साखळी चालू आहे." इतकी वर्षं संसार केला, पण एकमेकांशी इतकं बोललेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. झाकण बसलं, साखळी बसली, एक स्क्रू मुद्दाम सोडला. शेवटी ब्रेक उरला. तो त्यांनी पितळेच्या पट्टीचा केला, ताई म्हणाली तसा खाली वाकवला, घासला. चिकटवायचा उद्या, असं ठरलं. त्या दुपारी भाऊजी जेवून पडले.

तेरवी झाल्यावर अविनाशने आईपुढे बसून विषय काढला. त्याचं चुकलं नाही, पोरगा गुणाचा आहे. "आई, इथं एकटी कशी राहशील? नागपूरला चल. तुझी खोली तयार आहे."

ताई म्हणाली, "येतो ना बाबू. पण यांची मोटारसायकल अपुरी राहून गेली. ब्रेक कराचा आहे अजून. तो झाला की निघू."

अविनाश माझ्याकडे वळला. "मावशी, किती दिवसांचं काम असेल हो?"

तो ब्रेक मी त्याच सकाळी ताईच्या कुंकवाच्या करंड्यात पाहिला होता. तयार. दोन थेंब गोंदाचं काम. मी म्हटलं, "लागतील बाबा दिवस. ब्रेकचं काम फार नाजूक असते."

आता सव्वा महिना होत आला. मी अजून पांढुर्ण्यालाच आहे. रोज सकाळी पूजा झाली की ताई करंड्यातून ब्रेक काढते, पॉलिश पेपरने घासते, मोटारसायकलपाशी धरून पाहते आणि म्हणते, "जरासा जाड आहे वं अजून." पुन्हा घासते, पुन्हा करंड्यात ठेवते. अशीच घासत राहिली तर वर्षभरात तो ब्रेक झिजून संपेल आणि दुसरा करावा लागेल. काल बाजारात गेले होते तेव्हा पितळेची पट्टी आणून ठेवली आहे.